मेजवानीच्या चित्रातून हरवलेला मुदपाकखाना

गेल्या मे महिन्यात माझी बहीण इंग्लंडहून सुट्टीला आली. तिकडे मुलांना घेऊन ती एक मध्ययुगीन किल्ला बघून आली होती आणि तिथल्या दुकानातून तिने माझ्या लेकीसाठी रंगवायचं पुस्तक आणलं होतं. विषय होता किल्ल्यातली मेजवानी. मावशीने आणलेलं म्हणून पोरगी दोन रात्री ते उशाशी घेऊन झोपली.

पुस्तकाच्या मध्यावर एक जोडपान आहे. लांबलचक टेबल, मुकुट घातलेला राजा, शेजारी राणी, चिलखतातले सरदार. टेबलावर टर्कीच्या भाजलेल्या तंगड्या, परडीत मक्याची कणसं, थाळीत बटाटे. प्रत्येकाच्या हातात काटा-चमचा. खिडकीबाहेर चंद्र. भिंती करड्या रंगवाव्यात, अशी कोपऱ्यात सूचना. लेकीने सगळं मन लावून रंगवलं. मग उजव्या बाजूच्या मोकळ्या जागेत तिने पेन्सिलीने आणखी काहीतरी काढलं. जवळ जाऊन बघितलं, तर दोन शेगड्यांचा गॅस, त्यावर कुकर आणि बाजूला लाल सिलिंडर. म्हणाली, ‘एवढ्या लोकांचं जेवण करतात कुठे, ते काढायचंच राहिलंय.’

तेव्हा गॅस नव्हता, हे तिला दोन वाक्यांत सांगून झालं. पण पुस्तक काढणाऱ्यांनी जे वगळलं होतं ते समजावून सांगायला मला आठवडा लागला. त्या आठवड्यात माझं मत पक्कं झालं. मुलांच्या हातात इतिहासाचं चित्र द्यायचं असेल, तर ते खरं द्यावं. रंगवायच्या चित्रांच्या बाबतीत तर हा आग्रह पाठ्यपुस्तकापेक्षाही जास्त धरावा. पाठ्यपुस्तकाचं पान मूल पाच मिनिटांत उलटतं. रंगवायच्या पानावर ते तास-दीड तास बसतं, रेघ न् रेघ बोटाखालून घालवतं. त्या पानावर जे नसतं, ते त्याच्या मनातल्या मध्ययुगातही नसतं.

आधी ताटातल्या चुका. टर्की, मका, बटाटा, टोमॅटो हे सगळं मूळचं अमेरिका खंडातलं. कोलंबस १४९२ साली तिकडे पोचला, त्यानंतर ते युरोपात आलं. तोवर मध्ययुग संपत आलं होतं, म्हणून युरोपातल्या मध्ययुगीन राजांपैकी कुणीही बटाटा पाहिलेला नाही. इंग्लंडमध्ये जेवताना काटा वापरायची पद्धत रुजली ती सतराव्या शतकात. त्याआधी लोक स्वतःची सुरी, चमचा आणि बोटं वापरत. मुख्य जेवण व्हायचं सकाळी दहा-अकराच्या सुमारास, लख्ख उजेडात, कारण मेणबत्त्या महाग होत्या. म्हणजे खिडकीबाहेर चंद्र नको, सूर्य हवा. भिंतींचंही तेच. लंडनचा ‘व्हाइट टॉवर’ ओळखला जातो तो पांढऱ्या रंगावरून. तिसऱ्या हेन्रीने १२४० साली तो बाहेरून चुन्याने पांढरा करून घेतला होता. किल्ल्यांच्या दालनांना आतून चुना लावत, त्यावर रंगीत नक्षी काढत. आज दिसणारा उघडा करडा दगड हे पडझडीनंतरचं रूप आहे, आणि तेच आपण मुलांना खरं म्हणून रंगवायला सांगतो.

बटाट्याची गोष्ट आपल्या घराच्याही फार जवळची आहे. एकादशीच्या ताटातला बटाटा, शेंगदाणा, हिरवी मिरची आणि साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, हे चारही अमेरिकेतूनच आलेले. लेकीला हे सांगितलं तेव्हा ती बराच वेळ खिचडीच्या ताटलीकडे बघत बसली. कुठला पदार्थ कधी आणि कुठून आला, हे मुलांना कळतं, आवडतं आणि लक्षातही राहतं. मग चुकीचं चित्र का द्यायचं?

‘मुलांसाठी सोपं केलंय’ हे कारण मला पटत नाही, कारण या विषयात खोट्यापेक्षा खरंच जास्त रंगीत आहे. इंग्लंडच्या दुसऱ्या रिचर्डच्या आचाऱ्यांनी १३९० च्या सुमारास पाककृतींचा एक संग्रह तयार केला. राजाच्या दरबारातल्या वैद्यांची आणि तत्त्वज्ञांची त्याला संमती होती, असं त्याच्या सुरुवातीलाच लिहिलं आहे. ‘फॉर्म ऑफ क्युरी’ या नावाने तो आज ओळखला जातो. त्यात दोनशेच्या आसपास पाककृती आहेत आणि त्या वाचताना सतत जाणवतं की हे आचारी अन्न अक्षरशः रंगवत होते. पिवळ्यासाठी केशर, हिरव्यासाठी पार्सलीचा रस. लाल रंगासाठी ते ‘सॉन्डर्स’ वापरत, म्हणजे आपल्या दक्षिणेतल्या डोंगरांतलं रक्तचंदन. समुद्र आणि वाळवंट ओलांडून ते इंग्लंडच्या मुदपाकखान्यात पोचत होतं. भाजलेल्या मांसावर अंड्याच्या बलकाचा हात फिरवून त्याला सोन्यासारखी झळाळी आणत.

पंधराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात ‘कोकेन्ट्रिस’ नावाचा पदार्थ आहे. कोंबड्याचा पुढचा अर्धा भाग आणि डुकराच्या पिल्लाचा मागचा अर्धा भाग एकत्र शिवायचा, आत सारण भरायचं, शिगेवर भाजायचं आणि वरून बलक, सुंठ, केशर आणि पार्सलीचा रस लावायचा. ताटात एक जगात नसलेला प्राणी! उपवासाच्या दिवसांसाठी तर याहून गंमत. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस मांस, दूध, अंडी वर्ज्य. आचारी मग अंड्याचं कवच अलगद रिकामं करत आणि त्यात बदामाचं सारण भरत, मधल्या बलकासाठी थोडं सारण केशराने पिवळं करत. दिसायला अंडं, खायला उपवासाचं. आपल्याकडे उपवासाच्या नावाखाली जी कल्पकता चालते ती ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा आचारी परका वाटणार नाही.

या सगळ्यातून रंगवायची किती पानं होतील! माझ्या लेकीने त्या जोडपानावरचं सगळं जेवण तपकिरी रंगवलं होतं, कारण समोर नुसतं भाजलेलं मांस होतं. खऱ्या मेजवानीचं चित्र असतं, तर तिला पेटीतले अर्धे खडू लागले असते.

त्याच पुस्तकात चित्राखाली एक ओळ होती: मांस शिळं असायचं, त्याचा वास झाकायला मसाले घालत. ही समजूत जगभर पसरली आहे आणि ती चूक आहे. मिरी यायची आपल्या मलबारच्या किनाऱ्यावरून, अरब आणि व्हेनिसच्या व्यापाऱ्यांच्या हातांतून. प्रत्येक टप्प्यावर तिची किंमत चढायची. ज्याला मिरी परवडत होती त्याला ताजं मांस सहज परवडत होतं. मसाले घालत ते चवीसाठी आणि ऐपत दाखवण्यासाठी. याच मिरीसाठी १४९८ साली वास्को द गामा कालिकतला आला आणि बारा वर्षांत गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेलं. ज्या मिरीने आपल्या किनाऱ्याचा इतिहास बदलला, ती नासकं मांस झाकायला वापरत होते, असं आपल्याच मुलांनी शिकावं, हे मला सहन होत नाही.

दुसरी ओळ होती, ‘शी! ते लोक हाताने जेवायचे.’ ही वाचून माझी पोरगी हाताने वरणभात कालवता कालवता थांबली. खरं असं आहे की मोठ्या घरांत जेवणाआधी आणि नंतर हात धुणं हा एक सोहळाच होता. तांब्या-तस्त आणि पंचा घेऊन माणसं पाहुण्यांपुढे येत. १४७५ च्या सुमाराचं ‘द बेबीज बुक’ हे मुलांना वळण लावण्यासाठी लिहिलेलं पद्य आजही उपलब्ध आहे. त्यात सांगितलंय की जेवताना नाक कोरू नये, मिठाच्या पात्रात मांस बुडवू नये, पेल्याला तोंड लावण्याआधी ओठ पुसावेत. आपल्या आज्या याहून वेगळं काय सांगत होत्या? हाताने जेवण्याला रानटीपणा ठरवणारी ती ओळ आपल्या शाळांत, घरांत जशीच्या तशी वाटली जाते, याचं कुणालाच काही वाटत नाही.

पण माझी मुख्य तक्रार ताटातल्या पदार्थांबद्दल नाही. ते वाढणाऱ्या आणि पिकवणाऱ्या माणसांबद्दल आहे.

मध्ययुगातल्या किल्ल्याचं भोजनगृह म्हणजे पंक्तिप्रपंचाला दगडाची चौकट. एका टोकाला ओटा, त्यावर धन्याचं टेबल. मिठाचं मोठं पात्र धन्यापुढे. तिथून जितकं लांब बसाल तितका मान कमी. दुसऱ्या टोकाला दारं. ससेक्समधल्या बोडियम किल्ल्याला १३८५ साली बांधकामाची परवानगी मिळाली. आज तिथल्या भोजनगृहावर छप्पर नाही, पण खालच्या टोकाच्या भिंतीत तीन कमानी शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक दार पावाच्या कोठाराचं, एक पेयांच्या कोठाराचं आणि मधलं मुदपाकखान्याकडे जाणारं. मुलांच्या चित्रात सगळ्यात आधी यायला हवं ते हे मधलं दार. सगळं जेवण त्यातूनच बाहेर येत होतं.

त्या दारापलीकडे कोण होतं? बहुतेक पुरुष आणि मुलगे. चित्रांत सर्रास दिसणाऱ्या हसऱ्या वाढपी मुली या नंतरच्या कल्पना. मोठ्या घरांतला नोकरवर्ग जवळजवळ सगळा पुरुषांचाच असे. जाळासमोर शीग फिरवत बसायचं काम पोरांकडे. ओट्याजवळ उभी राहून धन्याला वाढणारी, मांस कापायला शिकणारी मुलंही होती. ती सरदारांची, सात-आठ वर्षांची, शिक्षणासाठी दुसऱ्याच्या घरी पाठवलेली. एकाच वयाची दोन मुलं, एक दाराच्या आत धुरात आणि एक बाहेर रेशमी कपड्यांत. आपल्या मुलांना त्या काळात पाऊल ठेवायला याहून जवळची वाट नाही, आणि रंगवायच्या पुस्तकांत नेमकी ती दोघंही नसतात.

१४६५ साली जॉर्ज नेव्हिल यॉर्कचा आर्चबिशप झाला, तेव्हा कॅवुडच्या गढीत झालेल्या मेजवानीची यादी आपल्यापर्यंत आली आहे. १०४ बैल, १००० मेंढ्या, २००० बदकं-हंसांच्या जातीचे पक्षी, ४०० राजहंस, १०४ मोर. आकडे फुगवलेले असतील, तसा संशय अभ्यासक घेतातच. पण त्याच यादीत ६२ आचारी आणि त्यांच्या हाताखाली ५१५ माणसं असंही लिहिलं आहे. त्या काळच्या कारकुनाला त्यांची नोंद करावीशी वाटली. आजच्या चित्रकाराला का वाटत नाही?

त्या काळच्या चित्रकारांनाही या माणसांची नोंद करावीशी वाटली होती. लिंकनशायरच्या सर जेफ्री लट्रेलने १३२५ ते १३४० च्या दरम्यान स्वतःसाठी स्तोत्रांची पोथी करून घेतली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत आहे. तिच्या समासांत सलग पानांवर एक कथा चालते. शिगेवर मांस भाजणारे, कढयांपाशी उभा आचारी, मांस कापणारा, ताटं उचलून नेणारे वाढपी आणि सगळ्यात शेवटी टेबलाशी बसलेलं लट्रेल कुटुंब. याच पोथीत नांगरणी आहे, पेरणी आहे, कोंबड्यांना दाणे टाकणारी बाई आहे. धन्याच्या पैशाने काढलेली पोथी, तरी धनी येतो रांगेत शेवटी.

तसंच फ्रान्समध्ये. बेरीच्या ड्यूकसाठी लिंबूर्ग बंधूंनी १४१२ च्या सुमारास सुरू केलेलं प्रार्थनेचं हस्तलिखित शांतिलीच्या संग्रहालयात आहे. त्यातल्या जानेवारीच्या पानावर खुद्द ड्यूकची मेजवानी. निळ्या झग्यातला ड्यूक, नावेच्या आकाराचं सोनेरी मीठपात्र, टेबलावर चढून ताटातलं खाणारी दोन कुत्र्याची पिल्लं. पान उलटलं की फेब्रुवारी. बर्फात बुडालेली वाडी, गोठ्यात दाटीने उभ्या मेंढ्या, घराला समोरची भिंतच दाखवलेली नाही आणि आत माणसं कपडे वर करून जाळापाशी शेकत बसली आहेत. मेजवानी आणि थंडी, एकामागोमाग. मुलांसाठीच्या प्रकाशकांनी जानेवारी उचलला आणि फेब्रुवारी सोडून दिला.

‘अहो, पाच वर्षांचं पोर आहे, रंगवू दे की त्याला’, असं मला घरातच ऐकवलं गेलं. म्हणणाऱ्यांचा भाव चांगला आहे. खडू धरून हात वळतो, जीव रमतो, पावसाळ्यातली दुपार निघून जाते, हे सगळं मलाही हवंय. पण बटाट्याऐवजी केशरी रंगाचं पक्वान्न काढायला शाई जास्त लागत नाही. चंद्राऐवजी सूर्य काढला म्हणून मुलाची मजा कमी होत नाही. कोपऱ्यात शीग फिरवणारा पोरगा काढला तर ती वाढेलच.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. लहान मुलांना भूक, वेठ, विषमता कशाला दाखवायची? त्यांचं वय बघा. हे मी मान्य करते की वयाचं भान ठेवायलाच हवं. १३१५ साली उत्तर युरोपभर पावसाने पिकं कुजली आणि पुढची काही वर्षं लोक उपासमारीने मेले, याचं चित्र सहा वर्षांच्या मुलाला द्यायची काही गरज नाही. पण त्याच वर्षी १० ऑगस्टला खुद्द राजा दुसरा एडवर्ड सेंट आल्बन्सला थांबला आणि त्याच्या लवाजम्याला पुरेसा पाव मिळेना, ही गोष्ट दहा वर्षांच्या मुलाला सहज सांगता येते. शेत बुडालं की राजाचं ताटही रिकामं, हे त्याला लगेच समजतं.

त्याहून लहान मुलांसाठी तर पावाचं ताट आहेच. मेजवानीत जेवण वाढत ते शिळ्या पावाच्या जाड कापावर. त्याला ट्रेंचर म्हणत. रस्सा, चरबी पिऊन तो पाव मऊ व्हायचा. जेवणं आटोपली की ती ताटं आणि उरलंसुरलं अन्न गोळा करून दाराबाहेर बसलेल्या गरिबांना वाटत. मोठ्या घरांत त्यासाठी वेगळा माणूस नेमलेला असे. धन्याचं ताट हेच दुसऱ्या कुणाचं जेवण. चित्रात फक्त एक फाटक, एक परडी आणि हात पुढे केलेली दोन माणसं काढली की झालं. मूल ते रंगवताना विचारेल, आणि आपण सांगायचं. यात घाबरवण्यासारखं काय आहे? सिग्नलला काचेवर टकटक करणारा हात आपल्या मुलांनी रोज पाहिलेला असतो. त्यांना भूक माहीत नाही असं समजणं ही आपण स्वतःची करून घेतलेली सोय आहे.

हे बदलणं अवघडही नाही. न्यूयॉर्क अकॅडमी ऑफ मेडिसिनच्या ग्रंथालयाने २०१६ पासून दर फेब्रुवारीत एक उपक्रम चालवला आहे. जगभरची ग्रंथालयं आणि संग्रहालयं आपल्याकडच्या जुन्या चित्रांची रेघाचित्रं करून मुलांना रंगवायला फुकट देतात. लट्रेलच्या पोथीसारखी चित्रं इंटरनेटवर बघायला मिळतात. चित्रकलेच्या कुठल्याही शिक्षकाला बटर पेपर ठेवून त्यावरून बाह्यरेषा काढता येईल. शाळांनी इंटरनेटवरून पहिलं दिसेल ते पान छापून वर्गात वाटण्याआधी एवढंच बघावं की यात जेवण करणारा माणूस आहे का, आणि जेवण आलं ते शेत आहे का. प्रकाशकांकडून माझी मागणी याहून कडक आहे. पुस्तकावर ‘शिका’ हा शब्द छापायचा असेल, तर इतिहास जाणणाऱ्याकडून ते तपासून घ्या. नसेल जमत तर ‘शिका’ काढून टाका, नुसतं ‘रंगवा’ ठेवा.

आपल्या मुलांना तर हे शिकवावंही लागत नाही, हे मला दिवाळीच्या किल्ल्यावरून जाणवतं. मातीचा किल्ला झाला, वर महाराज बसले, बुरुजावर मावळे उभे राहिले की मुलं लगेच पायथ्याकडे वळतात. आळीव किंवा मोहरी पेरून शेत करतात. विहीर खणतात, तीत वाटीभर पाणी ओततात. बाजारातून आणलेल्या चित्रांत जात्यावर बसलेली बाई असते, डोक्यावर घागर घेतलेली असते, भाजीवाली असते. त्यांना कुणी सांगितलेलं नसतं की किल्ल्याला शेत लागतं. चार दिवसांत आळीव उगवून येते आणि किल्ला पुरा होतो. त्याच मुलांच्या हातात आपण परदेशातला असा किल्ला देतो, ज्याला ना शेत, ना विहीर, ना चूल.

आम्ही लट्रेलच्या पोथीतल्या शीग फिरवणाऱ्यांची रेघ बटर पेपरवर काढून घेतली आणि त्या जोडपानाच्या उजव्या कडेला चिकटवली. गॅस लेकीने खोडू दिला नाही, तो आहे तिथेच आहे. मक्याच्या कणसांवर तिने पांढरा कागद चिकटवला आणि त्यावर अर्धा कोंबडा-अर्धं डुक्कर काढलं, पिवळं आणि हिरवं. पावाची परडी घेतलेला माणूस डाव्या कोपऱ्यात बसला, दाराबाहेर. आता तिला नांगर आणि बैल काढायचे आहेत, पण पानावर जागा उरलेली नाही. म्हणून काल खालच्या कडेला आम्ही आणखी एक कोरा कागद जोडला.